कोल्हापुरात जुनी गाडी प्रोजेक्ट म्हणून घेताना : आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी

दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बघून आलं की दरवर्षी चार-दोन पोरांच्या डोक्यात तोच विचार येतो : आपणही एखादी जुनी गाडी घ्यायची आणि स्वतः उभी करायची. मग कुणीतरी सांगतं, गडहिंग्लजला आंब्याखाली एक पद्मिनी उभी आहे, कागलला एका वाड्यात अँबेसिडर आहे. रविवारी चौघंजण जातात, बोनेट उघडतात, बॅटरी लावून सेल मारतात. इंजिन दोन-चार खोकल्यांनंतर सुरू होतं आणि तिथल्या तिथे इसार दिला जातो.

कोल्हापूरकरानं तर ही घाई अजिबात करू नये, कारण इंजिन ही इथली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग अशी सगळी कामं चालत जाण्याच्या अंतरावर होतात. जाम झालेलं इंजिनही पार्ट मिळत असतील तर परत फिरतं. रद्द झालेलं आरसी बुक मात्र कुठल्याही लेथवर तयार होत नाही, आणि खालून कुजलेली बॉडी नीट करायला गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे जातात. म्हणून तपासणीचा क्रम उलटा ठेवायचा.

१. कुठली गाडी आणि कशासाठी, हे आधी ठरवा

पहिल्याच प्रोजेक्टसाठी आपल्याकडे खऱ्या अर्थानं तीनच पर्याय आहेत.

प्रीमियर पद्मिनी : जुन्या फियाट ११०० याच गाडीचं हे पुढचं रूप. १९७४ पासून पद्मिनी हे नाव लागलं. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगवरचा गिअर. यांत्रिक पार्ट अजून मिळतात आणि जुन्या मेस्त्रींचा हात बसलेला आहे. मोनोकॉक बॉडी आहे, वेगळी चेसिस नाही, त्यामुळे पत्रा गेला की गाडीचा कणाच गेला.

अँबेसिडर : २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे पार्टची चणचण सगळ्यात कमी. पत्रा जाड. जुन्या गाड्यांत १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन, नंतरच्यांत इसुझूचं १.८ लिटर. तीही मोनोकॉकच. पत्रा जाड म्हणून गंजत नाही हा समज चुकीचा. गंजते, फक्त उशिरा दिसते.

विलीज किंवा महिंद्राची जुनी जीप : वेगळी शिडीसारखी चेसिस, सपाट पत्रे, वेल्डिंग शिकायला उत्तम. पण कागदांचा सगळ्यात मोठा घोळ जीपमध्येच असतो. बॉडी एकीची, चेसिस दुसरीची, इंजिन तिसऱ्याच डिझेल गाडीचं, अशा जोडलेल्या जीपा पश्चिम महाराष्ट्रात भरपूर आहेत.

स्टँडर्ड हेराल्ड, डॉज, शेव्हरोले वगैरे पहिल्या खेपेला टाळा. गाडी स्वस्तात मिळते, पण एका काचेसाठी किंवा एका लेन्ससाठी वर्ष जातं.

रविवारी पन्हाळ्याला चक्कर मारायची आहे की रॅलीत उभी करायची आहे, हेही आत्ताच ठरवा. पुढच्या पायरीत त्याचा थेट संबंध येतो.

२. कागद : गाडी बघायला जाण्याआधी

विक्रेत्याकडून आरसी बुकच्या सगळ्या पानांचे फोटो मागवा. पहिल्या पानाचा नुसता एक फोटो पाठवणाऱ्याला परत विचारा. खरी माहिती मागच्या नोंदींत असते.

बघायच्या गोष्टी :

- मालकाचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे का.
- नोंदणीची मुदत. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण.
- इंधन, रंग, इंजिन नंबर, चेसिस नंबर.
- बोजाची नोंद, म्हणजे कुठल्या बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज.
- एकरकमी कर भरल्याचा शिक्का किंवा पावती.

मग तो नंबर परिवहनच्या ॲपवर टाका. जुन्या, विशेषतः तीन इंग्रजी अक्षरांच्या नंबराच्या गाड्यांची नोंद तिथे नसते. म्हणजे गाडी बोगस असं नाही. हस्तलिखित रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढलेली नाही, इतकंच. तिला बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ आरसी बुक लागतं. झेरॉक्सवर हे काम पुढे सरकत नाही. नोंद सापडत नाही आणि मूळ बुकही नाही, अशी गाडी फुकट मिळाली तरी ती पार्टची गाडी समजायची.

आता सापळे.

कोऱ्या सह्यांचे फॉर्म. मालकी हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी तीन हात फिरलेली असते आणि मूळ मालकाच्या सह्या असलेले कोरे फॉर्म तेवढे पुढे सरकत आलेले असतात. मालक हयात आहे का, त्याचं आधार आणि मोबाइल मिळणार का, हे विचारा. ऑनलाइन अर्जात ओटीपी लागला की कोऱ्या फॉर्मची किंमत शून्य. मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, बाकी वारसांची ना-हरकत घेऊन. थोरला भाऊ विकतो आणि धाकटा सहा महिन्यांनी दारात येतो, असे वाद आपल्याकडे नवीन नाहीत.

बुडालेली पतसंस्था. बोजाची नोंद १९९२ ची, कर्ज कधीच फिटलेलं, पण नोंद उतरवलेली नाही. त्यासाठी फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचं पत्र लागतं. संस्था दुसरीत विलीन झाली असेल तर नव्या संस्थेकडून, अवसायनात असेल तर अवसायकाकडून ते मिळवावं लागतं. हे काम विक्रेत्यानं करून द्यायचं. "तुम्ही करून घ्या, पाच हजार कमी करतो" याला हो म्हणू नका.

मुदत संपलेली नोंदणी. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर. २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं आहे. मुदत उलटल्यावर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये जादा, हा नियम वेगळा. आठ वर्षं पडून असलेल्या गाडीचे ९६ महिने म्हणजे नुसते ४८,००० रुपये. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी पाटी. हा आकडा आरटीओत विचारून आधी काढा आणि तो गाडीच्या भावातून वजा करून बोला. शिवाय नूतनीकरणाला गाडी निरीक्षकापुढे चालू अवस्थेत न्यावी लागते, म्हणजे हा खर्च प्रोजेक्ट संपताना येतो, आणि तोवर महिने वाढतच असतात.

शेजारच्या राज्याची गाडी. निपाणी, चिकोडी, बेळगावची केए पासिंगची गाडी चांगली आणि स्वस्त दिसते. तिला तिथल्या कार्यालयाची फॉर्म २८ वरची ना-हरकत लागते, मग इथे कर आणि नवा नंबर. नोंदणीची मुदत संपलेल्या परराज्यातल्या गाडीच्या वाट्याला नवख्यानं जाऊ नये.

बदललेलं इंजिन. आरसीवर पेट्रोल, बोनेटखाली डिझेल. कायद्यानं अशा बदलाला आधी परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. नोंद नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी गाडी परत जाते. जीप बघताना पहिला प्रश्न हाच.

आता व्हिंटेज नोंदणीबद्दल, कारण त्यावर फार गैरसमज आहेत. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतरच्या नोंदणीला ५,००० रुपये. पण अशी गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कारणांसाठी बाहेर काढायची. रविवारी पन्हाळ्याला जायचं असेल आणि आरसी जिवंत असेल, तर साधं नूतनीकरणच बरं. "व्हिंटेज होते, भाव वाढतो" हे विक्रेत्याचं बोलणं झालं. पहिल्या नोंदणीची तारीख बघा. कंपनीनं मॉडेल कधी काढलं त्याला इथे अर्थ नाही.

३. गाडी आली कुठून?

कोल्हापूरच्या चारी बाजूंना हवामान इतकं बदलतं की गाडी कुठे उभी होती यावरून तिच्या पत्र्याचा निम्मा अंदाज बांधता येतो. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडकडची गाडी चार महिने भिजत असते. घाट चढून आलेल्या रत्नागिरी-मालवणच्या गाडीला खारी हवा लागलेली असते. ती वरून चकचकीत आणि आतून भुगा निघू शकते. जत, आटपाडी, सोलापूरकडच्या गाडीचं रबर आणि सीट उन्हानं गेलेले असतात, पण पत्रा बहुधा शाबूत. दोन सारख्या गाड्यांत निवड करायची तर पूर्वेकडची घ्या.

पुराचा प्रश्न वेगळा. २००५, २०१९, २०२१ या तीन सालांत गाडी कुठे होती हे थेट विचारा, आणि पाणी किती चढलं होतं हे शेजाऱ्याला विचारा. शाहूपुरी, नागाळा पार्कचा सखल भाग, चिखली-आंबेवाडी, शिरोळ तालुका इथल्या गाड्यांत गाळ शोधायचा तो धुता न येणाऱ्या जागी : हेडलाइटच्या वाटीत, मागच्या दिव्यात, दाराच्या तळाशी, मागच्या सीटखाली, डॅशबोर्डमागे. हेडलाइटच्या आत आडवी पिवळट रेघ दिसली तर पाणी तिथपर्यंत होतं. गिअर बॉक्स आणि डिफ्रन्शियलचा प्लग थोडा सैल करून ऑइल बघा. दुधी किंवा राखाडी असेल तर आत पाणी गेलंय. पुरातली गाडी घेऊच नये असं नाही, पण वायरिंग, सगळे बेअरिंग आणि सीट शून्यातून धरायचे.

गोठ्यात उभ्या असलेल्या गाडीकडेही जपून बघा. वर छप्पर असतं म्हणून लोक खूश होतात; खालून ओल आणि जनावरांच्या मुताचा अमोनिया पत्रा आणि तांब्याच्या वायरी दोन्ही खातो.

४. बरोबर न्यायचं सामान

चांगली टॉर्च आणि दात तपासायच्या आरशासारखा छोटा आरसा. पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक. मोठा स्क्रू-ड्रायव्हर. जॅक आणि दोन घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही जायचं नाही. ओळंबा, खडू, मोजपट्टी. प्लग पाना, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर. चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी आणि जंपर केबल. फोनला जोडायचा बोअरस्कोप, म्हणजे बारीक वायरच्या टोकाचा कॅमेरा; स्वस्तातला चालतो. चेसिस नंबर उतरवायला कागद आणि मऊ पेन्सिल. जुने कपडे आणि मागे पसरायला पोतं.

आणि पत्र्याचं काम करणारा डेंटर. सगळे इंजिनच्या मेस्त्रीला घेऊन जातात. माझं मत, जागा एकाचीच असेल तर डेंटर न्या.

५. पत्रा

इथे दोन तास घालवा. दिवसा, कोरड्या गाडीवर. धुऊन ओली ठेवलेली गाडी बघू नका, पाण्यानं लांबीच्या, म्हणजे पत्र्यावर भरलेल्या पुट्टीच्या, लाटा लपतात.

आधी लांबून एका डोळ्यानं बाजूची रेघ बघा, मग दारांच्या फटी. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून खचली आहे किंवा ठोकलेली आहे. त्यानंतर चुंबक फिरवा. तो चांगला चिकटला तर पत्रा, हलका चिकटला तर दोन-तीन मिलिमीटर लांबी, चिकटलाच नाही तर खाली पत्रा आहे की नाही देव जाणे. चाकांच्या कमानी, दाराचा तळ, हेडलाइटभोवती आणि डिकीच्या कडेला जास्त बघा.

मग खालून. मोनोकॉक गाडीत जीव असतो तो या जागांत :

- दाराखालचा पेटीसारखा भाग, म्हणजे सिल, पुढून मागपर्यंत.
- फ्लोअर. मॅट आणि त्याखालचं जाड नमदं उचलायलाच लावा. नमदं पाणी धरून ठेवतं आणि पत्रा वरून कुजतो.
- मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरच्या जागा.
- डिकीचा तळ आणि स्टेपनीची खोली.
- पुढच्या शॉकॲब्सॉर्बर आणि सस्पेन्शनच्या जागा, आणि बॅटरीखालचा पत्रा. ॲसिडनं तो खाल्लेला असतोच.
- पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे. तिथून पाणी आत उतरतं आणि पायाखालचा पत्रा जातो.

अँबेसिडरमध्ये यात एक भर : पुढच्या टॉर्शन बारची मागची टोकं जिथे आडव्या क्रॉस मेंबरला धरलेली असतात, ती जागा. तिथे गंज असेल तर दुरुस्ती साध्या ठिगळाची नाही.

प्रत्येक जागी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अंगठ्यानं दाबा; मालकाला आधी विचारून. टणक आवाज हवा. टोक आत गेलं तर तेवढंच भोक नाही, त्याच्याभोवती वीतभर पत्रा कापावा लागेल असं धरा. खाली नुकताच काळा अंडरकोट मारलेला असेल तर संशय घ्या. याउलट जुनं जळकं ऑइल आणि धुळीचा थर असेल तर तो मालक जाणता होता. दर पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत पत्रा वाचवते. तो थर खरवडून मात्र बघा.

आता सगळ्यात खात्रीची चाचणी. पुढचं दार उघडून बंद करून बघा, ते कसं लागतं ते लक्षात ठेवा. मग सिलच्या जॅक लावायच्या जागी जॅक लावून ती बाजू चाक सुटेपर्यंत हळूहळू उचला. कचकच आवाज करत जॅक आत रुतला तर थांबा, उत्तर मिळालं. उचलल्यावर तेच दार परत लावा. आधी सहज लागणारं दार आता अडकत असेल किंवा फट बदलली असेल, तर बॉडीत ताकद उरलेली नाही. अशी गाडी घ्यायची नाही, भाव काहीही असो.

जुन्या दुरुस्त्याही बघा. सिलवर वरून पत्रा चढवून कडेनं गॅस वेल्डिंग मारलेलं असेल तर आत जुना गंज चालूच आहे. योग्य काम म्हणजे कुजलेलं कापून फ्लोअरला १८ गेज आणि बाहेरच्या पॅनेलला २० गेजचा पत्रा कडेला कड लावून जोडणं. डेंटरकडून तिथेच अंदाज घ्या, तोही पॅनेलगणिक. "सगळी गाडी उक्ती एवढ्यात" हा भाव ऐकायला गोड असतो. निम्मं काम झाल्यावर तो बदलतो.

६. चेसिस, सस्पेन्शन, स्टिअरिंग

जीपमध्ये चेसिसच्या दोन्ही आडांवर (लांब दांड्यांवर), स्टिअरिंग बॉक्सच्या जागी आणि पाट्यांच्या हँगरपाशी भेगा शोधा. सपाट जमिनीवर ओळंब्यानं चार कोपऱ्यांतल्या हँगरच्या खुणा खडूनं पाडा आणि तिरक्या दोन मापांची तुलना करा. पाच-सहा मिलिमीटरचा फरक चालतो, त्याच्या पुढे चेसिस वाकडी.

चेसिस नंबर पेन्सिलनं घासून उतरवा आणि आरसीशी अक्षर अक्षर ताडा. आकड्यांच्या भोवती घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचा वळ किंवा एकच आकडा वेगळ्या खोलीचा दिसला तर उठून या. याला दुसरं स्पष्टीकरण ऐकत बसू नका.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ढिलं लागलं तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ढिलेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. दोन्ही होण्यासारखी कामं आहेत. स्टिअरिंग कडेला इंचभर मोकळं फिरलं तर ठीक, दोन इंचांच्या पुढे बॉक्स आणि टायरॉड दोन्ही धरा.

पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर सापडत नसेल तर गिअर बॉक्स गेला असं समजू नका; बहुतेक वेळा लिंकेजचे बुश झिजलेले असतात. पहिल्या गिअरला या गाड्यांत सिंक्रो (गिअर न खरडता बसवणारी रचना) नसतो, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकताना खरडणं हा दोष नव्हे. ॲक्सिलेटर सोडल्यावर दुसरा किंवा तिसरा उडून बाहेर येत असेल तर मात्र बॉक्स खोलावा लागणार.

७. काय काय जागेवर नाही?

यादी करून चालत गाडीभोवती फिरा : काचा, ग्रिल, बंपर, व्हीलकॅप, दारांच्या मुठी, दिव्यांच्या लेन्स, मीटर, स्टिअरिंग चाक, बॅज, काच वरखाली करायच्या मुठी. नवख्याला हे सटरफटर वाटतं. इंजिनचा पिस्टन सेट कुरिअरनं येतो. १९६० च्या दशकातल्या मॉडेलची अख्खी ग्रिल येत नाही. मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, कोलकात्यात मल्लिक बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट ही शोधायची ठिकाणं, आणि तिथे अडलेल्याचा भाव लागतो. पद्मिनी-अँबेसिडरच्या शेवटच्या मॉडेलना ही अडचण कमी.

क्रोमचे भाग नुसते काळवंडले असतील तर परत निकेल-क्रोम होतात. पण मुठी, बॅज असे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे भाग फोड येऊन खड्डे पडलेले असतील तर प्लेटिंगवाले हातच लावत नाहीत.

८. इंजिन

जायच्या आधी सांगून ठेवा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी रेडिएटरला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनला सुरू होताना त्रास होतो, हे त्यांनी लपवलंय.

पहिला प्रश्न : "काका, गाडी शेवटची स्वतःच्या जोरावर कधी चालली?" वर्षभराच्या वर झालं असेल तर सेल मारूच नका. सगळे प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका, हँडलनं हातानं फिरवा. फिरलं तर पुढे जा. जाम असेल तर तिथे जोर लावायचा नाही. डिझेल आणि ऑइलचं मिश्रण आत सोडून दोन-चार दिवस ठेवायचं काम आहे, ते गाडी तुमची झाल्यावर. जाम इंजिनच्या गाडीचा भाव पूर्ण ओव्हरहॉल धरूनच करायचा.

डिपस्टिकवरचं ऑइल दुधी असेल तर हेड गॅस्केट किंवा भेग. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं क्षाराचं पाणी घातलेलं असतं, त्यामुळे ब्लॉकच्या बाजूचे वाटीसारखे कोअर प्लग आतून खाल्लेले असतात. गंजाचे ओघळ बघा.

इंजिन चालत असेल तर गरम करा आणि कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) घ्या : चारही प्लग काढून, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून, पाच-सहा फेरे. या जुन्या पेट्रोल इंजिनांत १०० ते १४० पीएसआयच्या दरम्यान काहीही चालेल, पण चौघांतला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून परत घ्या. वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सारखेच कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट.

बोअरस्कोप प्लगच्या भोकातून घालून पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाचायचा प्रयत्न करा. ओव्हरसाइज पिस्टनवर बहुधा तो कोरलेला असतो. दहा, वीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असेल तर अजून बोअर मारायला जागा आहे. चाळीस असेल तर लायनर टाकायची तयारी ठेवा. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला द्यायचा नाही, हे उद्यमनगरातला कुठलाही जाणता कारागीर स्वतःच सांगेल.

धूर : सुरू करताना क्षणभर निळा म्हणजे व्हॉल्व्ह गाइड, सतत निळा म्हणजे रिंगा, न थांबणारा पांढरा म्हणजे पाणी. बीएमसी इंजिनला गरम झाल्यावर चालताना ५० पीएसआयच्या आसपास आणि आयडलला १५ च्या वर ऑइल प्रेशर असेल तर बेअरिंग बरी आहेत.

पेट्रोलबद्दल एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कार्बोरेटरचं गॅस्केट त्यात फुगतात, फुटतात. ते सगळे बदलायचे हे धरूनच चला, आणि टाकी आतून गंजली आहे का ते टॉर्चनं नव्हे, बोअरस्कोपनं बघा. पेट्रोलच्या टाकीशेजारी उघडा बल्ब नेऊ नका.

९. ब्रेक आणि वायरिंग

उभ्या गाडीचे ब्रेक तपासण्यात वेळ घालवू नका. मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडर, होज सगळं बदलायचं असं लिहून टाका. फक्त ड्रमला तडा नाही आणि चाकं मोकळी फिरतात एवढं बघा. वायरिंगचंही तसंच : इन्सुलेशन बोटानं वाकवून तडकलं किंवा उंदरांनी खाल्लेलं दिसलं तर नवीन हार्नेस. बॅटरी लावण्याआधी अर्थिंग कुठलं आहे ते बघा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतं आणि उलटी जोडणी महागात पडते.

१०. भाव, इसार आणि गाडी घरी आणणं

घरी येऊन तीन आकडे काढा : कागदांचा खर्च, पत्रा आणि रंग, बाकी सगळं. मधला आकडा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा निघतो. बेरजेवर तिसरा हिस्सा वाढवा, कारण गाडी खोलल्यावर नवीन गंज दिसतोच. तयार, चांगल्या स्थितीतली तीच गाडी ज्या भावात मिळते त्याच्याशी तुलना करा. प्रोजेक्ट बहुधा महाग पडतो. ते मान्य असेल तरच पुढे जा. विक्रेत्यानं जुन्या नंबराचे वेगळे पैसे मागितले तर नंबर नावावर होईल की नाही हे आधी बघा, मग बोला.

इसार थोडाच द्या आणि पावतीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, ठरलेली रक्कम आणि अट लिहून घ्या : कागद नावावर होण्यासारखे नसतील तर इसार परत. बाकी रक्कम बँकेतून. ताबा घेताना हे हातात हवं :

- मूळ आरसी बुक, कर भरल्याचा पुरावा.
- फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, तुमच्यासमोर सही केलेले.
- मालकाचं आधार, पॅन, फोटो आणि चालू मोबाइल नंबर.
- लागू असेल तिथे फॉर्म २८, ३१ किंवा ३५. लिलावातून आलेल्या जीपला फॉर्म ३२ आणि लिलावाची मूळ कागदपत्रं.
- विक्री करारनामा, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, तारीख आणि वेळ घालून.
- सुटे पार्ट मिळणार असतील तर त्यांची यादी, दोघांच्या सहीनं.

विमा आणि नोंदणी नसलेली गाडी दोरीनं ओढत आणू नका. ड्रम चिकटलेले असतात, ब्रेक नसतात, आणि अपघात झाला तर विमा नाही. सपाट ट्रकवर किंवा रिकव्हरी व्हॅनवर चढवून आणा. चढवण्याआधी चारही बाजूंनी, डॅशबोर्डचे आणि वायरिंगचे भरपूर फोटो काढून ठेवा.

मालकी बदलाचा अर्ज ३० दिवसांच्या आत करायचा असतो. तो होऊन आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत गाडी खोलू नका. निरीक्षकानं गाडी दाखवायला सांगितली किंवा चेसिस प्रिंट परत मागितली, तर ती चाकांवर आणि जोडलेली असायला हवी. तोवर जुनं पेट्रोल काढून टाका, बॅटरी सोडवून ठेवा, टायर जमिनीपासून सुटतील अशी गाडी चार घोड्यांवर घ्या आणि पार्टांची यादी पुरी करा.